बाप-लेक (किंवा दोन पिढ्या) एकत्र राबतात, ते खरं वाटेल असा सिनेमा कोणता?

माझं मत 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी'ला (२०११). टोकियोतल्या एका सुशीवाल्या म्हाताऱ्यावरचा माहितीपट आहे, चालत असेल तर पुढे वाचा.

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत आमचा लेथचा (धातू कातायच्या यंत्राचा) गाळा आहे, वडील आणि मी दोघंही तिथेच. आजूबाजूच्या कित्येक शेड पाडून काचेच्या आयटी इमारती झाल्या, तरी आमचा खडखडाट चालू आहे. हे सांगतोय कारण सिनेमात पिढ्यांचं जमतं म्हणजे शेवटी मिठी आणि मागे व्हायोलिन. आमच्याकडे असलं काही आजवर झालेलं नाही.

'द इंटर्न' (२०१५) बायकोबरोबर पाहिला. सत्तरीचा रॉबर्ट डी नीरो तरुण मालकिणीच्या ऑफिसात उमेदवारी करतो. सगळ्यांनी सामान टाकून भरलेलं एक टेबल तो कोणी न सांगता आवरतो, तेवढं फार आवडलं. पण हा गृहस्थ चुकतच नाही हो! खिशात धुतलेला रुमाल, तोही दुसऱ्याला द्यायला. असा म्हातारा कोणीही ठेवून घेईल.

जिरो तसा नाही. सिनेमात वय ८५, टोकियोत १० खुर्च्यांचं दुकान, आणि पन्नाशीचा थोरला मुलगा अजून हाताखाली. एका शिकाऊ पोराचं अंड्याचं ऑम्लेट २०० वेळा नापास होतं. पास झालं तेव्हा रडू आलं, असं तो सांगतो. शेवटाकडे कळतं की हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाईडचे परीक्षक आले तेव्हा सुशी मुलाने केली होती. नाव बापाचं. तिथे मी पॉज करून पाणी प्यायला उठलो.

मराठीच हवा असेल तर 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४). सायकल विकावी लागू नये म्हणून पोरं आईला चोरून पंढरपुरात बांगड्या विकतात.

गेल्या पावसाळ्यात सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) मी ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेचा आकडा, चुकीचा टाकला. साठ पिना पाव मिलिमीटर जाड निघाल्या. वडील काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, जुना लेथ चालू केला आणि एकेक पिन चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरून उतरवायला लागले. मी शेजारी जाडी मोजायचा मायक्रोमीटर घेऊन. "अजून थोडं." "बास." रात्री साडेअकरापर्यंत आमचं एवढंच बोलणं. सकाळी माल गेला. चलनावर सही नेहमीप्रमाणे त्यांची.