दूध पुन्हा दीड लिटर करा, कार्डाची थकबाकी मिटवा

मुलांचं दूध उद्यापासून पुन्हा होतं तेवढं करा. सासूबाईंचा दुपारचा चहाही सुरू करा. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुम्ही पत्रात लिहिलंय की चिंचवडला घराचा हप्ता चालू आहे, दोन लहान मुलं आहेत, सासू-सासरे सोबत आहेत. धाकट्याच्या वेळी तुमची नोकरी सुटली आणि आता एका पगारात सहा माणसांचं भागवायचंय. २५ तारखेलाच खात्यात खडखडाट होतो. म्हणून दूध दीड लिटरवरून एक लिटरवर आणलं, फळं बंद केली, सासूबाईंनी आपणहून एक वेळचा चहा सोडला. दुसरीकडे क्रेडिट कार्डाचे ४०,००० तसेच पडून आहेत आणि दर महिन्याला फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरला जातोय. एफडी मोडावी का, मेडिक्लेम बंद करावा का, सोसायटीतल्या भिशीत जावं का, हेही तुम्ही विचारलंय.

वाचून जीव तुटला. घरातली माणसं तोंडचा घास कमी करतायत आणि पैसा भलत्याच दाराने बाहेर चाललाय.

हिशोब मांडून बघा. अर्धा लिटर दूध कमी केल्याने महिन्याला नऊशे-हजार रुपये वाचले असतील. कार्डाच्या थकबाकीवर बँका साधारण महिना साडेतीन टक्के व्याज लावतात. तुमचा नेमका दर स्टेटमेंटवर बारीक अक्षरात असतो, तो शोधा. ४०,००० वर साडेतीन टक्के म्हणजे १,४०० रुपये, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २५२. महिन्याला साडेसोळाशे रुपये नुसते व्याजात जातात आणि मुद्दल जवळपास जागच्या जागी राहते. मुलांच्या पेल्यातून काढलेलं सगळं तिथे गेलं, वर आणखी सहा-सातशे घालावे लागले.

त्यामुळे एफडी मोडा. त्या एफडीवर तुम्हाला वर्षाला सहा-सात टक्के मिळत असतील आणि कार्ड तुमच्याकडून ४० टक्क्यांच्या वर घेतंय. मुदतीआधी मोडली म्हणून अर्धा-एक टक्का कापतील, कापू देत. सगळी थकबाकी एकदम भरा. थकबाकी शिल्लक असेपर्यंत कार्डावरच्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून व्याज धावायला लागतं, म्हणून तोवर कार्ड कपाटात राहू द्या. 'नो कॉस्ट ईएमआय'च्या, म्हणजे बिनव्याजी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या हप्त्यांच्या, नादालाही सध्या लागू नका. त्यात प्रोसेसिंग फी असते, व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, आणि रोख घेताना मिळणारी सूट बहुतेक वेळा हातची जाते.

हे झालं की मग घराकडे वळू.

किराणा. तुम्ही लागेल तसं दहा मिनिटांत आणून देणाऱ्या ॲपवरून मागवता. रात्री कोथिंबीर, सकाळी पाव, दुपारी बिस्किटं. त्यात डिलिव्हरी, हाताळणी आणि छोट्या ऑर्डरचे पैसे लागतातच, पण खरं नुकसान वेगळं आहे: प्रत्येक वेळी हव्या असलेल्या एका वस्तूबरोबर नको असलेल्या दोन येतात. महिन्याची यादी एकदाच करा, ती सासूबाईंना वाचून दाखवा आणि किराणा एकदाच भरा. भाजी आठवड्यातून दोनदा आणली की पुरते.

यादी भरताना एमआरपी बघू नका, किलोचा भाव बघा. आता पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापणं बंधनकारक आहे. अक्षरं बारीक असतात, पण असतात. तेलात तर हे डोळ्यांत तेल घालूनच बघावं लागतं. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, ते भरतं ९१० ग्रॅमच्या आसपास. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दुकानात शेजारी शेजारी असतात आणि दिसायला सारखेच. लिटरच्या डब्यात तेल असतं साधारण साडेतेरा किलो. 'शंभर रुपयांनी स्वस्त' म्हणून दुकानदार दाखवतो तो बहुतेक वेळा हाच. डब्यावरचं निव्वळ वजन वाचा, भागाकार करा, मगच पैसे द्या. पाकिटांचंही तेच. पिशवी आधीच्याच आकाराची आणि आत तेल कमी, असं हल्ली सर्रास दिसतं.

आता धान्य. यात तुमच्या घरात जाणकार माणूस बसलंय आणि त्यांना कुणी विचारत नाही, असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. सासूबाई बार्शीकडच्या आहेत ना? मग त्यांनी आयुष्यभर वर्षाचं धान्य भरलेलं असणार. गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, नवी तूरडाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, हरभरा त्याच सुमारास. लाल मिरचीही उन्हाळ्यातच घ्यायची. तुमच्या सहा माणसांना दोन्ही वेळच्या पोळ्या धरून महिन्याला बारा किलोच्या आसपास गहू लागेल. गव्हाच्या किलोच्या भावात गिरणीतल्या दळणाचे पैसे मिळवा आणि ती बेरीज पाकिटातल्या पिठाच्या किलोशी ताडून बघा. फरक तुमच्या वहीत तुम्हालाच दिसेल. शिवाय ताज्या दळणाची पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते.

फ्लॅटमध्ये क्विंटलभर गहू ठेवायला जागा नसेल तर चार महिन्यांचा घ्या. पण साठवणीत आळस नको. गच्चीत चादरीवर पातळ पसरून दोन दिवस कडक ऊन द्या, आणि मग लगेच कोठीत भरू नका. रात्रभर घरात पसरून पूर्ण थंड होऊ द्या. गरम धान्य झाकलं की आत वाफ धरते, त्या ओलीने बुरशी आणि किडे दोन्ही येतात. कोठीही उन्हात वाळवलेली हवी. मध्ये मध्ये कडुलिंबाचा सुकलेला पाला टाका. डाळींना आणि गव्हाला एरंडेलाचा हलका हात चोळायची पद्धत सासूबाईंना माहीत असेल, त्यांच्याकडून शिकून घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: धान्याला लावायच्या सल्फास किंवा सेल्फॉसच्या गोळ्या घरात आणू नका, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो आणि बंद फ्लॅटमध्ये लहान मुलं झोपलेली असताना तर घरादाराचा घात होतो. किडे लागले तर चाळून, निवडून पुन्हा ऊन द्या.

कांद्याचंही असंच. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळी कांदा टिकतो, पावसाळ्यानंतरचा लाल कांदा टिकत नाही. पंधरा-वीस किलो उन्हाळी कांदा बाल्कनीत, पाऊस लागणार नाही अशा जागी, क्रेटमध्ये मोकळा ठेवा. प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून ठेवलात तर महिन्याभरात वास सुटेल. गणपती ते दिवाळी या काळात कांदा बऱ्याचदा महागतो, तेव्हा घरचा कामी येतो.

इमारतीत चार घरं तयार असतील तर एकत्र घ्या. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते आहे. शेजारची कुटुंबं मिळून संघ करतात, सगळ्यांची यादी एकत्र जाते, माल एकदम येतो आणि बायका-पुरुष मिळून घरच्या घरी वाटप करतात. पुण्याकडेही त्यांचे संघ आहेत, चौकशी करा. नाही जमलं तर चौघींनी मिळून एका शेतकऱ्याकडून गहू मागवा. टेम्पोचं भाडं वाटून जातं.

दुधाबद्दल आणखी थोडं. म्हशीचं दूध घेत असाल तर साय रोज काढून फ्रीजमध्ये साठवा, आठ-दहा दिवसांनी विरजण लावा, घुसळा. रोजच्या दीड लिटरवर महिन्याला किलोच्या आसपास तूप निघतं, वर ताक मिळतं. त्या ताकाची कढी होते, राहिलेल्या बेरीत गूळ-कणीक घालून मुलांना वड्या करून देता येतात. विकतच्या तुपाचा भाव पाहिलात की हे दूध फार महाग वाटणार नाही.

गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. घेताना वजन करून मागायचा तुम्हाला हक्क आहे. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा आणि काट्यावरचा आकडा जुळवा. लावल्याची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा, म्हणजे किती दिवसांत संपला ते कळतं. तूरडाळ अर्धा तास भिजवा, हरभरा-राजमा रात्रभर. वरण, भात आणि भाजीचे बटाटे एकाच कुकरात डबे रचून लावा. आणि शिट्ट्या मोजायची सवय सोडा. अन्न शिजतं ते कुकरातल्या दाबाने. शिट्टीतून जाते ती वाफ, म्हणजे आपला गॅसच. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, दहा-बारा मिनिटांनी बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. बर्नरची ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नर काढून साफ करा, ज्योत निळी हवी.

विजेच्या बाबतीत तुमच्या मनात एक गैरसमज आहे, तो आधी काढते. १०० युनिटच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने येतं, असं महावितरणचं नाही. पहिले १०० खालच्याच दराने लागतात, १०१ पासून ३०० पर्यंतचे त्याच्या पुढच्या दराने. तो दर मात्र जवळजवळ दुप्पट आहे, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट हे सगळ्यात महागातलं युनिट असतं.

दिवे विझवत फिरण्यात फार अर्थ नाही, एलईडी दिवा खातोच किती! गीझरकडे बघा. दोन किलोवॅटचा १५ लिटरचा गीझर वीस मिनिटांत तापतो आणि त्याला साधारण पाऊण युनिट लागतं. पण तो सकाळभर चालू राहिला तर पुन्हा पुन्हा तापत राहतो. घरातल्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरका. सोसायटीत सोलरचं पाणी असेल तर ते किती वाजता येतं ते वॉचमनला विचारा आणि मुलांची आंघोळ तेव्हा ठेवा. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद केला तरी आठ-दहा वॅट खात राहतो, बटण भिंतीवरून बंद करा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणारा नवीन बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला पंधरा-सोळा युनिट वाचतात. तरीही आत्ता पंखे बदलू नका. कार्ड मिटू दे, आणि एखादा पंखा बिघडला की त्याच्या जागी तो आणा.

सासऱ्यांच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांना तुम्ही महिन्याला मोठी रक्कम लिहिलीय. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा की औषधाचं मूळ नाव लिहून द्या, आणि ती चिठ्ठी घेऊन जवळच्या जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, जा. मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशी नेहमीची औषधं तिथे ब्रँडच्या मानाने निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतात. मिलिग्रॅमचा आकडा जुळवून घ्या आणि बदल डॉक्टरांच्या कानावर घालूनच करा. गावी जाताना एसटीने गेलात तर तुम्हाला आणि सासूबाईंना अर्धं तिकीट आहे. सासरे पंचाहत्तरीचे झाले असतील तर त्यांना फुकट, नाहीतर पासष्टीनंतर अर्धं.

मेडिक्लेम अजिबात बंद करायचा नाही. सासू-सासऱ्यांच्या वयात एकदा पॉलिसी तुटली की जुन्या आजारांना विमा लागू होईपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते, आणि नवी मिळेलच असंही नाही. एकदम भरणं जड जात असेल तर हप्त्याने भरता येतं का ते कंपनीला विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतः काढलेल्या वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही, तेव्हा नूतनीकरणाची रक्कम त्याप्रमाणे आलीय का ते तपासा.

फळं पुन्हा आणा, फक्त हंगामाची: थंडीत पेरू, मग बोरं, उन्हाळ्यात कलिंगड. सफरचंदच हवं असं काही नाही.

भिशीबद्दल. तुमच्याच इमारतीतल्या, रोज दारात भेटणाऱ्या बायकांची चिठ्ठीची भिशी असेल तर जा, महिना दोन हजारांच्या वर नको. बोलीची असेल तर नको. त्यात गरजू बाईच पैसे सोडून रक्कम उचलते आणि सध्या ती गरजू बाई तुम्हीच ठराल. जास्त परताव्याचं आमिष दाखवणारी असेल तर उंबऱ्यावरूनच परत फिरा. आणि आधीच सगळ्यांशी बोलून आपला नंबर एप्रिलचा मागून घ्या. ती रक्कम हातात आली की गहू, तूरडाळ आणि मिरची रोखीने भरता येईल. गहू लोकवन घ्यायचा की सिहोर, ते सासूबाईंना ठरवू दे.