रोज क्षमा मागूनही मन हलकं का होत नाही?

“मॅडम, देवाने मला क्षमा केली असेल, तर मी अजून तशीच कशी?” समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे ख्रिस्ती विश्वासी हा प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. कुणी तरुण संघाचा पुढारी असतो, कुणी पाळकांची पत्नी, कुणी नुकताच बाप्तिस्मा घेतलेला. काही जण उलट बाजूने येतात: “सगळं कृपेनेच व्हायचं असेल, तर पवित्र जीवनासाठी एवढी धडपड कशाला?” पहिला घाबरलेला दिसतो, दुसरा निर्धास्त. मला मात्र दोघांचं दुखणं एकच वाटतं. कृपा (न कमावता मिळणारं देवाचं प्रेम) आणि पवित्रता ही त्यांच्या मनात तराजूची दोन पारडी असतात. एक वर गेलं की दुसरं खाली.

एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक बैठकींतलं बोलणं आवळून घेतलं आहे.

त्या आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल शिकवायच्या. माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. रात्री पाठ टेकली की चुका आठवायच्या. मग उठून गुडघे टेकायचे, कबुली द्यायची, पुन्हा आडवं व्हायचं आणि “मनापासून मागितली का?” या शंकेने पुन्हा उठायचं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी त्या मुलांचा वर्ग मुद्दाम लांबवायच्या, म्हणजे मेजापाशी जावं लागू नये.

मुळाशी एकच घटना होती. मंडळीतल्या एका मैत्रिणीने विश्वासाने सांगितलं होतं की मुलाचा संसार मोडायला आलाय. यांनी तो महिलांच्या सभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून मांडला. (मंडळ्यांमधली किती तरी चहाडी या दोन शब्दांखाली खपते. कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.) गोष्ट पसरली. त्या कुटुंबाने उपासनेला येणं बंद केलं.

“देवापाशी कबूल केलंत?”

“रोज करते.”

“आणि मैत्रिणीपाशी?”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आधी देवाशी मिटू दे. अशा तोंडाने तिच्या दारात कशी जाऊ?”

मला तिथेच वाटलं की त्यांची रोजची कबुली आता आडोसा झाली आहे. देवापुढे रडणं जड होतं, पण मैत्रिणीपुढे उभं राहण्याइतकं जड नव्हतं. तरुणपणी मठात असताना धर्मसुधारक मार्टिन लुथरही पापकबुली देत तासन्‌तास बसायचा. ऐकणारे त्याचे मठातले वरिष्ठ श्टाउपिट्झ थकून जायचे आणि त्याला सांगायचे, स्वतःच्या पापांचा हिशेब पुरे, ख्रिस्ताकडे बघ. आपल्या यादीत कुठलं पाप सुटलं तर नाही ना, याच काळजीत गुंतलेल्या माणसाला समोरच्याची जखम दिसत नाही.

इथे एक सावधगिरी. घडलेल्या चुकीशी संबंध न राहता शंका आपोआप येत असतील, त्याच प्रार्थना मोजून कराव्या लागत असतील, दहादा दिलासा मिळूनही तो टिकत नसेल, तर तो मंत्रचळाचा आजार असू शकतो. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. या बाईंना मी आधी तिकडेच पाठवलं होतं. तसं काही निघालं नाही.

मग एकदा मी म्हटलं, “जक्कयाची गोष्ट मुलांना सांगता तशी मला सांगा.”

त्या खुलल्या. बुटका जकातदार, गर्दी, उंबराचं झाड, सगळं हातवारे करून. “मग जक्कयाला पश्चात्ताप झाला. तो म्हणाला, मी सगळ्यांचे पैसे चौपट परत करीन. म्हणून येशू त्याच्या घरी गेला.”

“लूक, अध्याय 19. एकदा वाचता?”

वाचता वाचता त्या पाचव्या ओवीपाशी अडखळल्या. “जक्कया, त्वरा करून खाली ये, कारण आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे.” चौपट परतफेडीचं बोलणं येतं ते आठव्या ओवीत. त्यांनी पान मागे उलटलं, पुन्हा पुढे आल्या.

“आधी घरी आला?”

“हो.”

“आणि तोवर याने काहीच कबूल केलेलं नाही.”

“काहीच नाही.”

“इतकी वर्षं मी मुलांना उलटं शिकवतेय, मॅडम.”

त्यानंतर त्या रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं. मी काहीही जोडलं नाही. अशा वेळी गप्प राहता येणं ही या कामातली खरी कमाई आहे, असं मी मानते.

मी शिकले ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वळणाचं समुपदेशन: माणूस आहे तसा स्वीकारला गेला की बदलायला मोकळा होतो. मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी रॉजर्स न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत धर्मशिक्षण घेत होता, याचं मला नवल वाटत नाही. पण स्वीकारापाशीच थांबावं, हे मला पटत नाही. जक्कयाच्या घरी येशू प्रेमाने पाहुणा आला आणि त्या प्रेमानेच जक्कयाची थैली सोडवली. बायबलमधल्या तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर कृपाच आपल्याला अभक्ती नाकारायला शिकवते, असं म्हटलंय. “मग धडपड कशाला” विचारणाऱ्यांना मी तेच वाचायला देते. ज्या कृपेने आपल्याला कुणाच्याही दारापर्यंत नेलं नाही, ती आपण नुसती ऐकली आहे, घेतलेली नाही.

बाईंना आता लांबलचक पत्र लिहायचं होतं. मी नको म्हटलं. लांब पत्रात स्पष्टीकरणं शिरतात आणि स्पष्टीकरणांच्या मागून बचाव येतो. मी एवढंच सुचवलं: काय केलं ते नेमकं सांगा, ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हणू नका, आणि क्षमा तिथल्या तिथे मागून घेऊ नका. ज्यांच्यापुढे गोष्ट फोडली, त्या महिलांनाही सांगा की ती मी सांगायची गोष्ट नव्हती.

त्या गेल्या. मैत्रिणीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला वेळ लागेल.” ते कुटुंब अजून परतलेलं नाही. पण पुढच्या प्रभुभोजनाला बाई मेजापाशी गेल्या. अयोग्य रीतीने प्रभुभोजन घेऊ नका, अशी तंबी प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रातून दिली ती गरीब भाऊबहीण उपाशी असताना काही जण आधीच खाऊनपिऊन झिंगत होते म्हणून. लज्जित माणसाने मेजापासून दूर राहावं, असं त्यात मला तरी दिसत नाही.

पाळकांना आणि वडीलमंडळींना एक विचारायचं आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने “मी पाप केलं” असं मुख्य याजकांपुढे उघड कबूल केलं होतं. उत्तर मिळालं, “त्याचे आम्हाला काय? तुझे तू पाहा.” ‘मी येशूला ओळखत नाही’ म्हणून त्याला नाकारणारा शिष्य पेत्र मात्र इतर शिष्यांतच राहिला, आणि येशू त्याला त्यांच्यामध्येच पुन्हा भेटला. तुमच्या मंडळीत कबुली द्यायला आलेल्याला यांतलं काय मिळतं? सगळ्यांसमोर उभं करून वदवून घेणं मला मान्य नाही, त्याने माणसं फक्त लपायला शिकतात. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने 1738 मध्ये लहान गटांसाठी नियम केले: आठवड्यातून एकदा भेटायचं आणि एकमेकांपाशी आपल्या चुका मोकळेपणी बोलायच्या. दोन-तीन भरवशाची माणसं पुरतात. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, ही अट मात्र पक्की हवी.

बाईंनी महिलांच्या सभेत तशीच एक अट घातली: ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याला आधी विचारायचं. सभा आता फार लवकर आटोपते, अशी तक्रार एकीने पाळकांकडे केली आहे म्हणे.