टर्न कुठे आणि बिकम कुठे?

या खेपेच्या टपालात इंग्रजीतल्या ‘टर्न’ने रांग लावली आहे. बाकीच्या पत्रांनी थोडी कळ काढावी.

प्रश्न : बाबांच्या षष्ट्यब्दिपूर्तीची इंग्रजी पत्रिका बहिणीने कॅनडाहून लिहून पाठवली. तीत ‘अवर फादर इज टर्निंग सिक्स्टी’ असं आहे. आमचे भावजी म्हणतात, टर्न म्हणजे वळणे, वयाला ‘बिकमिंग’च हवं. शिवाय बाबांना साठावं गेल्या वर्षीच लागलं, मग आता कसलं टर्निंग? पत्रिका छापायला द्यायची आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर : बहिणीचा मजकूर जसाच्या तसा छापा. वयाच्या आकड्याला इंग्रजीत टर्नच लागतं. ‘ही टर्न्ड सिक्स्टी’, ‘शी विल टर्न एटीन इन मार्च’. ‘बिकेम सिक्स्टी’ व्याकरणात नापास होत नाही, पण तिकडे कोणी तसं बोलत नाही.

भावजींचा दुसरा मुद्दा मात्र चांगला आहे, कारण तिथेच आपली मंडळी हटकून घसरतात. आपण वय दोन तऱ्हांनी मोजतो. ५९ पूर्ण झाली की साठावं लागतं, आणि ६० पूर्ण झाली की साठी भरते. इंग्रजी फक्त पूर्ण झालेली वर्षं धरते. १९६५ च्या जूनमध्ये जन्मलेला माणूस २०२५ च्या जूनमध्ये ‘टर्न्ड सिक्स्टी’. त्याला साठावं लागलं २०२४ मध्ये, पण त्या दिवशी इंग्रजीच्या हिशेबी तो फिफ्टी-नाइन होता. षष्ट्यब्दिपूर्तीत ‘पूर्ती’ आहेच, त्यामुळे पत्रिका आणि समारंभ दोन्ही जमतात. आणि ‘साठी उलटली’ म्हणजे टर्न्ड सिक्स्टी असंही समजू नका. साठी उलटलेला माणूस एकसष्टचाही असेल, सदुसष्टचाही. त्याला ‘पास्ट सिक्स्टी’ म्हणायचं.

आता बिकमचं. मराठीत ‘होणे’ या एका क्रियापदावर आपला संसार चालतो. म्हातारा झालो, आंधळा झालो, डॉक्टर झालो, लाल झालो. इंग्रजीत या कामाला घरभर माणसं ठेवलेली आहेत. रोजच्या बोलण्यात ‘गेट’ राबतं : गेट टायर्ड, गेट वेट, गेट मॅरिड. हळूहळू होणाऱ्या बदलाला ‘ग्रो’ : ग्रो ओल्ड. ‘गो’च्या वाट्याला बहुतेक उताराचे बदल आलेत : गो ब्लाइंड, गो मॅड, गो बँकरप्ट, आणि डोक्यावरची गो बॉल्ड. गो चांगल्या बातमीला फारसं जात नाही. स्वप्न खरं झालं तर ते ‘कम ट्रू’, ‘गो ट्रू’ नव्हे. आजारी आणि झोपी मात्र पडायचं : फॉल इल, फॉल अस्लीप. आपणही आजारी पडतोच, त्यामुळे हे लक्षात ठेवायला सोपं. बिकम जरा इस्त्रीच्या कपड्यातलं. लिहिताना शोभतं, आणि व्यवसाय किंवा पद असेल तर त्याच्याशिवाय चालत नाही : शी बिकेम अ डॉक्टर, ही बिकेम द चेअरमन. तिथे ‘गॉट अ डॉक्टर’ म्हटलंत तर डॉक्टर मिळाला असा अर्थ होईल.

टर्न येतं ते एक बाजू संपून दुसरी सुरू होते तिथे. सिग्नल टर्न्स रेड. दुधाचंही तसंच. सकाळी तापवायला ठेवलं, वर डोळ्यांसारखे ठिपके आले, पाणी एकीकडे आणि गुठळ्या एकीकडे. हे ‘द मिल्क हॅज टर्न्ड’. पुढे ‘सावर’ जोडलं नाही तरी चालतं. विरजण लावून दही झालं तर मात्र ‘टर्न’ म्हणू नका, गृहिणीचा अपमान होईल. दही ‘सेट’ होतं.

प्रश्न : मी आयटीआयला टर्नर ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्र चिडवतात, तू काय वळवतोस? टर्नरचा आणि टर्नचा संबंध आहे का? – एक प्रशिक्षणार्थी, शिरोली, जि. कोल्हापूर

उत्तर : मित्रांना सांगा, तू मूळ मालक आहेस. ग्रीकमध्ये ‘तोर्नोस’ म्हणजे लेथ, वस्तू फिरवून गोल कातायचं यंत्र. वर्तुळ काढायच्या कंपासलाही तोच शब्द. लॅटिनने त्याचं ‘तोर्नारे’ हे क्रियापद केलं, म्हणजे लेथवर घालून गोल करणं. तिथून शब्द जुन्या इंग्रजीत आला आणि फ्रेंचांकडूनही त्याला बळ मिळालं. आधी लेथ, मग रस्त्यावरचं वळण, मग पान उलटणं, आणि वय तर फार नंतर. टूर आणि टूर्नामेंट याच घराण्यातले, आणि मुखत्यारपत्रातला ॲटर्नीसुद्धा.

मी उभी हयात तंत्रशाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवलं. शिकवायचो वर्गात, पण शिकायचो वर्कशॉपमध्ये. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, जॉब म्हणजे कातायचा तुकडा पकडला, टूल जागेवर धरलं, की फिरतो तो जॉब. टूल फक्त सरकतं. क्रियापदाचंही असंच दोन तऱ्हांनी चालतं. ‘द जॉब टर्न्स’ म्हणजे जॉब फिरतो. ‘ही टर्न्ड द शाफ्ट’ म्हणजे त्याने शाफ्ट लेथवर काढला. पहिल्या वाक्यात कर्म नाही, दुसऱ्यात आहे. सकर्मक-अकर्मक हा धडा मी फळ्यावर खडू झिजवून शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची. लेथसमोर उभं केलं की विनातक्रार कळायचा. टेपर टर्निंग, स्टेप टर्निंग हे तुझ्या जर्नलातले शब्द आहेतच. मराठीत हेच काम लाकडावर करणारा तो कातारी. पाळण्याचे आणि पलंगाचे गोल खूर त्याच्याच हातचे.

प्रश्न : इंग्रजी पेपरात ट्रक ‘टर्न्ड टर्टल’ असं वाचतो. घाटात कासव कुठून आलं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : जहाजावरून. जुने खलाशी किनाऱ्यावरचं समुद्री कासव धरायचे ते उताणं करून. पाठीवर पडलेलं मोठं कासव आपलं आपण सुलटं होत नाही, आणि जिवंत राहिल्यामुळे मांस ताजं मिळतं. क्रूर युक्ती, पण बर्फ नसलेल्या काळातली. पुढे उलटलेल्या गलबताला हे शब्द चिकटले आणि नंतर वाहनांना. आपल्याकडच्या इंग्रजी वार्ताहरांचं या कासवावर विशेष प्रेम. साधं ‘ओव्हरटर्न्ड’ लिहिलं तरी ट्रक तितकाच उलटतो.

टर्टलमागे ‘अ’ नाही हे पाहिलंत का? या अर्थाच्या टर्ननंतर नाम आलं की ‘अ’ गळतो. ‘टर्न्ड ट्रेटर’, ‘ॲक्टर-टर्न्ड-पॉलिटिशियन’. बिकम असेल तर ‘अ’ परत आणायचा. माणूस एका गोटातून दुसऱ्यात गेला ही छटा टर्नमध्ये असते, म्हणून राजकारणात हा शब्द फार खपतो. १९८० च्या ऑक्टोबरात ब्रायटनच्या पक्ष अधिवेशनात ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याकडून आर्थिक धोरणाच्या यू-टर्नची वाट पाहिली जात होती. त्या म्हणाल्या, वळायचं तर तुम्ही वळा, ‘द लेडीज नॉट फॉर टर्निंग’. एका नाटकाच्या नावात ‘बर्निंग’ होतं, भाषण लिहिणाऱ्याने त्याचं टर्निंग केलं. धोरण पटो न पटो, कोटी अव्वल.

प्रश्न : ‘चेंज’ म्हणजे बदल, मग सुट्ट्या पैशांनाही चेंज का? – एक वाचक, लातूर

उत्तर : मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच अदलाबदल करणं. नोट द्यायची, नाणी घ्यायची. बदल हा अर्थ त्यातूनच वाढला. दुकानात ‘हॅव यू गॉट चेंज फॉर फाइव्ह हंड्रेड?’ विचारा. ‘चेंजेस’ नको, सुट्टे कितीही असले तरी चेंज एकवचनीच.

प्रश्न : ‘टर्निंगवर हॉटेल आहे’ हे इंग्रजी बरोबर का? – एक वाचक, खोपोली

उत्तर : मराठी म्हणून बरोबर. इंग्रजीत ‘टर्निंग’ म्हणजे मुख्य रस्ता सोडून जिथे आत वळायचं तो फाटा. घाटातलं वळण ते ‘बेंड’, आणि केसातल्या आकड्यासारखं असेल तर ‘हेअरपिन बेंड’. हॉटेल नेमकं कुठे आहे त्यावर शब्द ठरेल. एसटीच्या कंडक्टरला मात्र ‘टर्निंगला थांबवा’ असंच सांगा. बेंडला तो थांबवायचा नाही.