मातीतले बुरशीनाशक

प्रश्न : मातीतल्या जिवाणूंपासून बुरशीवरचे औषध मिळते म्हणतात, ते शोधतात कसे?

उत्तर : मातीतले जिवाणू आगरच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाच्या) बशीत वाढवून त्यांच्याशेजारी बुरशी लावतात, ज्याच्याभोवती बुरशी मागे हटून स्वच्छ वलय उरते, तो जिवाणू कामाचा. खरी अडचण पुढेच असते, कारण बुरशीची पेशी बरीचशी आपल्या पेशीसारखी असल्याने तिला मारणारे द्रव्य पुष्कळदा आपल्यालाही बाधते. अमेरिकन शास्त्रज्ञ एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्कहून असे जिवाणू बरण्यांत भरून, चक्क टपालाने, ऑल्बनीला रसायनशास्त्रज्ञ रेचल ब्राउन यांच्याकडे पाठवत आणि ब्राउन त्यांतले द्रव्य वेगळे करून परत धाडत. व्हर्जिनियातील एका शेतातल्या मातीतून त्यांना मिळालेले आणि १९५० मध्ये जाहीर झालेले निस्टॅटिन हे औषध बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या स्निग्ध द्रव्याला चिकटून तेथे छिद्रे पाडते. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेले हॅमायसिन याच कुळातले असून, त्याच्या जिवाणूच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे.