आयपी कॉन्फ्लिक्ट: राउटर बंद-चालू करण्याआधी मॅक ॲड्रेस टिपून घ्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सी.ए.चं ऑफिस, दहा-अकरा कॉम्प्युटर. टॅली ज्या मशीनवर आहे त्याला हाताने दिलेला आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखायचा आकडा) १९२.१६८.१.१०. एक नेटवर्क प्रिंटर, हजेरीचं बोटाचे ठसे घेणारं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, इंटरनेट कंपनीचा राउटर आणि आतल्या खोलीत वायफाय पोहोचावं म्हणून नंतर आणलेला दुसरा राउटर. आठवड्यातून एक-दोनदा सकाळी टॅलीच्या मशीनवर आयपी कॉन्फ्लिक्टचा मेसेज येतो, सगळ्यांची टॅली तुटते. राउटर बंद-चालू केला की कधी सुरळीत होतं, कधी नाही. हार्डवेअरवाल्याने नवा राउटर घ्या आणि मशीन फॉरमॅट मारा असं सांगितलंय.

यातलं काहीच करू नका. फॉरमॅट मारल्यावर त्या मशीनला तुम्ही पुन्हा तोच पत्ता देणार, आणि तो पत्ता वापरणारं दुसरं यंत्र ऑफिसात तसंच राहणार. तुमचं मशीन बिघडलेलं नाही. एकाच पत्त्यावर दोघं हक्क सांगताहेत, आणि तो दुसरा कोण हे शोधणं एवढंच काम आहे.

आधी हे घडतं कसं ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नेटवर्कवर कुणाला १९२.१६८.१.१० शी बोलायचं असलं की ते मशीन सगळ्यांना उद्देशून विचारतं, हा पत्ता कुणाचा? ज्याचा असेल तो आपला मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, कळवतो. याला एआरपी म्हणतात आणि १९८२ पासून ते असंच चालत आलंय. आलेलं उत्तर खरं की खोटं हे पडताळायची सोय त्यात नाही. दोघांनी उत्तर दिलं तर विचारणाऱ्याकडे नंतर आलेलं उत्तर आधीच्या नोंदीवर बसतं. म्हणूनच एका टेबलावर टॅली चालू असते, शेजारच्या टेबलावर बंद, आणि थोड्या वेळाने बरोबर उलटं.

विंडोज मात्र पत्ता वापरायला घेण्याआधी हाच प्रश्न स्वतः विचारून बघतं. कुणी "माझा" म्हणालं तर ते तो पत्ता सोडतं आणि १६९.२५४ ने सुरू होणारा कामचलाऊ पत्ता घेतं. म्हणजे दोन विंडोज मशीनमध्ये जे उशिरा चालू होतं ते हरतं. टॅलीचं मशीन तुम्ही रात्री बंद करता असं लिहिलंय. ज्या सकाळी ते चालू व्हायच्या आधीच दुसरं कुणी .१० (म्हणजे १९२.१६८.१.१०) घेऊन बसलेलं असतं, त्या दिवशी टॅली जाते. बाकीच्या दिवशी ते दुसरं यंत्र उशिरा येतं आणि त्याचीच पंचाईत होते. पण ती तक्रार तुमच्यापर्यंत येत नाही. "आज वायफाय लागत नाहीये" म्हणून माणूस मोबाइलचं नेट लावतो आणि कामाला लागतो. उद्याच ऑफिसात विचारून बघा, असं कुणाचं होतं का. अर्धा तपास तिथेच होईल.

आता राउटर बंद-चालू का करायचा नाही. कोणता पत्ता कुणाला दिलाय ही यादी बरेच घरगुती राउटर फक्त चालू असेपर्यंतच लक्षात ठेवतात. वीज गेली की यादी गेली. पण फोन आणि लॅपटॉप आपापला जुना पत्ता धरून बसलेले असतात. राउटर परत आला की त्याला वाटतं सगळे पत्ते मोकळे आहेत, आणि तो वापरातलाच पत्ता नव्या येणाऱ्याला देऊ शकतो. म्हणजे एक भांडण मिटवताना दुसरं लागायची सोय होते, शिवाय यादीतला पुरावाही जातो. मला या सल्ल्याचा मनापासून राग आहे, कारण तो कधीकधी लागू पडतो आणि त्यामुळेच खरं कारण महिनोन्‌महिने सापडत नाही.

पुढच्या मेसेजची वाट बघायचीही गरज नाही. टॅलीच्या मशीनवर आजच इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिमवर जा आणि इव्हेंट आयडी ४१९९ वर फिल्टर लावा. सोर्स टीसीपीआयपी असेल. प्रत्येक नोंदीत भांडणातला पत्ता आणि समोरच्या यंत्राचा मॅक ॲड्रेस दोन्ही असतात. वेगवेगळ्या तारखांच्या चार-पाच नोंदी कागदावर उतरवा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा.

सगळीकडे एकच मॅक असेल, तर बहुधा कुठल्यातरी एकाच यंत्रात .१० हाताने टाकलेला आहे. मॅक दर वेळी वेगळा असेल, तर कुठलंच यंत्र दोषी नाही. राउटर स्वतः .१० हा पत्ता वाटतोय आणि त्या दिवशी ज्याच्या वाट्याला आला तो भांडतोय. या दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि हा फरक कळला की निम्मं काम झालं.

मॅकची पहिली सहा अक्षरं यंत्र बनवणाऱ्या कंपनीची असतात. ऑनलाइन शोधलं की लगेच कळतं, प्रिंटर आहे, कॅमेरा आहे की लॅपटॉपचं वायफाय कार्ड. एक अपवाद ध्यानात ठेवा. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा फोनने स्वतः बनवलेला तात्पुरता मॅक आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर असा मॅक वापरतात. मग कंपनी सापडणार नाही, पण "हा कुणाचा तरी मोबाइल आहे" एवढं कळतं.

भांडण चालू असतानाच पकडायचं असेल तर आधी सगळ्यांना टॅलीतून बाहेर यायला सांगा आणि बॅकअप घ्या. चालू टॅलीत केबल ओढली तर डेटा बिघडू शकतो. मग टॅलीच्या मशीनची केबल काढा. दुसऱ्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, "एआरपी -डी *" देऊन जुन्या नोंदी पुसा आणि १९२.१६८.१.१० ला पिंग करा, म्हणजे "आहेस का?" असं विचारा. टॅलीचं मशीन तर सुटलेलं आहे, तरी उत्तर आलं तर ते देणारा तुमचा माणूस. इथे बरेच जण फसतात: "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" दिसलं की तिथे कुणी नाही असं समजतात. तसं नाही. खरंच कुणी नसेल तर विंडोज "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" म्हणतं. टाइम्ड आउट याचा अर्थ बहुतेक वेळा असा की यंत्र आहे, पण त्याची फायरवॉल पिंगला उत्तर देत नाहीये. एआरपीला मात्र उत्तर द्यावंच लागतं. म्हणून लगेच "एआरपी -ए" द्या, .१० च्या पुढे मॅक दिसेल.

तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकूनही बघा. प्रिंटर, डीव्हीआर, कॅमेरा, राउटर यांपैकी काही असेल तर त्याचं लॉगिन पान उघडतं आणि शोध तिथेच संपतो. विंडोज मशीन असेल तर "एनबीटीस्टॅट -ए" च्या पुढे पत्ता दिल्यावर बऱ्याचदा त्याचं नाव मिळतं. इथला ए कॅपिटल.

मेसेजच येत नाही पण प्रिंटर मधेच गायब होतो, अशी तक्रार असलेल्यांसाठी: पिंग सतत चालू ठेवा आणि प्रत्येक उत्तराच्या ओळीत येणारा टीटीएलचा आकडा बघत राहा. विंडोज साधारणपणे १२८ देतं, लिनक्सवर चालणारी यंत्रं आणि फोन ६४. एकाच पत्त्यावरून कधी १२८ आणि कधी ६४ येत असेल तर दोघं उत्तर देताहेत, यात शंका नको.

मॅक मिळाला पण यंत्र कुठे आहे कळत नसेल, आणि स्विच (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा) साधा असेल, तर पिंग चालू ठेवून स्विचमधल्या केबल एकेक करून काढा. जी काढल्यावर पिंग थांबेल तिच्या दुसऱ्या टोकाला यंत्र आहे. परत लावायच्या आधी त्या केबलला चिकटपट्टी लावून नाव लिहा.

आता तुमच्या ऑफिसात मला कुणावर संशय आहे ते सांगते. हजेरीचं मशीन आणि डीव्हीआर मी सोडून देते. ते चोवीस तास चालू असतात, त्यांच्याकडे .१० असता तर टॅली रोज गेली असती. नवीन बसवताना मात्र ही यंत्रं त्रास देतात, कारण ती कारखान्यातूनच ठरलेला पत्ता घेऊन येतात: हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यात १९२.१६८.१.६४, दाहुआच्या १९२.१६८.१.१०८, झेडकेटेकोच्या हजेरी मशीनमध्ये १९२.१६८.१.२०१. एकाच कंपनीचे दोन नवे कॅमेरे एकदम जोडले की दोघांचा पत्ता एकच. एकेक जोडून पत्ता बदलत जायचं.

माझा पहिला संशय राउटरच्या वाटपावर आहे. अनेक राउटर १९२.१६८.१.२ पासून २५४ पर्यंत सगळंच वाटायला मोकळं ठेवतात. तुमच्या मशीनने .१० घेतलाय हे राउटरला कुणी सांगितलेलं नाही. रात्री मशीन बंद, सकाळी सगळ्यांच्या आधी एखादा फोन येतो, .१० मोकळा दिसतो, राउटर देऊन टाकतो. यात राउटरचीही चूक नाही.

दुसरा संशय आर्टिकलच्या, म्हणजे सी.ए. होण्यासाठी ऑफिसात काम शिकणाऱ्या, मुलांच्या लॅपटॉपवर, आणि हे सी.ए. ऑफिसांत इतकं सर्रास दिसतं की वेगळं सांगायला हवं. ऑडिटला क्लायंटकडे गेल्यावर तिथला आयटीवाला लॅपटॉपमध्ये हाताने पत्ता टाकून देतो. मुलगा आठवड्याने ऑफिसात परततो, पत्ता तसाच. क्लायंटकडेही १९२.१६८.१ चीच मालिका असेल तर लॅपटॉप इथे बिनबोभाट चालतो, आणि त्याला दिलेला आकडा १० असेल तर टॅली गेली. असे लॅपटॉप ऑटोमॅटिकवर ठेवा आणि क्लायंटचा पत्ता "अल्टरनेट कॉन्फिगरेशन" या टॅबमध्ये भरा. जिथे पत्ता वाटणारं कुणी नसेल तिथेच तो लागू होतो.

तिसरा, आतल्या खोलीतला राउटर. चार-पाच मशीनवर "आयपीकॉन्फिग /ऑल" द्या आणि डीएचसीपी सर्व्हरची, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्याची, ओळ वाचा. दोन वेगळे पत्ते दिसले तर ऑफिसात दोन जण एकमेकांना न विचारता पत्ते वाटताहेत, एकाच सोसायटीत दोन वेगवेगळे सेक्रेटरी एकच फ्लॅट दोघांना देतात तसे. दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचा डीएचसीपी बंद करा आणि मुख्य राउटरकडून येणारी केबल त्याच्या वॅन (इंटरनेटची केबल लावायच्या) पोर्टमध्ये न लावता लॅन (कॉम्प्युटर जोडायच्या) पोर्टमध्ये लावा. सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, बहुतेक कामं तोच करतो. मग केबल कुठल्या पोर्टात लावायची ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर मात्र टॅलीच नाही, अख्ख्या ऑफिसचं इंटरनेट ये-जा करतं.

कायमचा बंदोबस्त एका संध्याकाळचा आहे. मुख्य राउटरमध्ये वाटपाची हद्द .१०० ते .१९९ करा. खालचे आकडे हाताने द्यायच्या यंत्रांसाठी राखीव. टॅलीचं मशीन .१० वर राहू द्या, हाताने दिलेलंच. राउटर बंद पडला तरी स्विचवरून टॅली चालली पाहिजे. प्रिंटर आणि हजेरी मशीन मात्र ऑटोमॅटिकवर टाकून राउटरमध्ये त्यांच्या मॅकवर पत्ता राखून ठेवा, त्याला ॲड्रेस रिझर्वेशन म्हणतात. काही राउटर राखीव पत्ता वाटपाच्या हद्दीतलाच मागतात, तसं असेल तर तिथलाच द्या. यंत्रात शिरून पत्ता टाकण्यापेक्षा मला हे जास्त पटतं, कारण सगळा हिशोब एकाच पानावर राहतो.

हे शनिवारी संध्याकाळी करा. हद्द बदलली तरी ज्यांना जुने पत्ते मिळालेत ते पत्ता वापरायची ठरलेली मुदत निम्मी होईपर्यंत राउटरला विचारायलाही जात नाहीत. म्हणून बदलानंतर ऑफिसातली सगळी यंत्रं एकदा बंद करून चालू करा. इथे मात्र बंद-चालू करणं योग्य आहे.

घरच्या नेटवर्कबद्दल विचारणाऱ्यांसाठी: घरात हाताने पत्ता द्यायची गरज जवळपास पडत नाही. टीव्ही, प्रिंटर सगळं ऑटोमॅटिक ठेवा, हवं तर रिझर्वेशन करा. जिओफायबरच्या राउटरचा पत्ता साधारण १९२.१६८.२९.१ असतो, त्यामुळे दुसरा राउटर जोडताना निदान दोघांचा आकडा एक होत नाही. दोन डीएचसीपीचा प्रश्न तिथेही येतोच. आणि घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) लागतो पण ऑफिसचा सर्व्हर दिसत नाही, असं असेल तर घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१ मालिका आहे का ते बघा. असेल तर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. ऑफिसची मालिका बदलणं हाच त्यावर खरा उपाय.

तुम्ही आता एवढं करा: ४१९९ च्या तीन-चार नोंदींमधले मॅक, मुख्य राउटरमधली वाटपाची हद्द, आणि दोन-तीन मशीनवरची डीएचसीपी सर्व्हरची ओळ इथे लिहा. मॅक पूर्ण टाकू नका, पहिली सहा अक्षरं आणि सगळ्या नोंदींत तोच मॅक आहे की वेगळा एवढं पुरे. त्यावरून पुढचं सांगते.