भाड्याच्या घरात सापडलेला माल आणि पती-पत्नीची शिक्षा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

भाड्याच्या घरातून अमली पदार्थ विकल्याबद्दल पती-पत्नी दोघांनाही शिक्षा झाल्याची बातमी छापून आली, की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. घरमालक घाबरलेले असतात, सोसायटीचे पदाधिकारी गोंधळलेले असतात, आणि आरोपींच्या नातेवाइकांना कोणीतरी काहीतरी सांगितलेले असते. त्यांतले बरेच चुकीचे असते आणि त्यावर विसंबून मोलाचे दिवस गेलेले असतात. या खटल्यांना १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे बोलीतला ‘एनडीपीएस’, लागू होतो. पुढील उत्तरे त्या कायद्याची सर्वसाधारण दिशा दाखवतात. प्रत्येकाने आपली कागदपत्रे आपल्या वकिलांना दाखवूनच पाऊल उचलावे.

माझा फ्लॅट एका दाम्पत्याला अकरा महिन्यांच्या करारावर दिला होता. पोलिसांना तेथे एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) सापडले. मलाही अटक होईल का? फ्लॅट सरकारजमा होईल का? (घरमालक, डोंबिवली)

केवळ मालक आहात म्हणून आपण आरोपी होत नाही. कलम २५ नुसार आपल्या घराचा असा वापर ‘जाणूनबुजून’ होऊ देणारा मालक किंवा रहिवासी दोषी ठरतो, आणि मग त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा सांगितली आहे. त्यामुळे आपल्याला माहिती होती की नव्हती, यावरच सर्व अवलंबून राहील. कलम ६० मध्ये जप्तीसाठी अमली पदार्थ, साहित्य, भांडी आणि वाहने यांचा उल्लेख आहे, घराचा नाही. फ्लॅटला सील लावले असेल, तर ते काढून मिळण्यासाठी विशेष न्यायालयात अर्ज करावा लागतो. तो वकिलांमार्फतच करावा.

मात्र आपला करार नोंदणीकृत आहे का, हे आपण लिहिलेले नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवण्याचे आदेश पोलीस आयुक्तालये वेळोवेळी काढतात, आणि ते मोडणे हा वेगळा गुन्हा आहे. येथे दलालांची एक फसवी पद्धत सांगणे आवश्यक आहे. ‘पोलीस व्हेरिफिकेशन करून देतो’ असे म्हणून पैसे घेतले जातात आणि मालकाच्या हाती एक पावती पडते. आपण माहिती कळवली, एवढेच ती पावती सांगते. भाडेकरूच्या चारित्र्याची हमी तिच्यात नसते. तरीही ती जपून ठेवा, कारण आपण काही लपवले नाही हे दाखवताना ती उपयोगी पडेल. भाडे रोखीने घेत असाल, तर ते आजच बंद करा.

एक किलोपेक्षा कमी गांजा असेल तर गुन्हा होत नाही ना? (एक वाचक, नाशिक)

होतो. एक किलोपेक्षा कमी गांजासाठीही एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

माझ्या पुतणीच्या घरातून ६४ ग्रॅम एमडी जप्त झाले. न्यायालयाने तिला आणि जावयाला प्रत्येकी दहा वर्षे सश्रम कारावास आणि एक लाख रुपये दंड सुनावला. पदार्थात भेसळ होती, तिचा हा पहिलाच गुन्हा आहे, मुलगा चार वर्षांचा आहे. न्यायाधीशांनी तिला तरी दया का दाखवली नाही? (काका, सोलापूर)

कायद्याने न्यायाधीशांच्या हाती ती ठेवलेलीच नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, दोन ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते अल्प प्रमाण आणि पन्नास ग्रॅमपेक्षा अधिक असेल तर व्यापारी प्रमाण धरले जाते. व्यापारी प्रमाण सिद्ध झाले की शिक्षा दहा वर्षांपेक्षा कमी आणि दंड एक लाखापेक्षा कमी देताच येत नाही. वरची मर्यादा वीस वर्षे आणि सर्वसाधारणपणे दोन लाखांची आहे. म्हणजे आपल्या पुतणीला आणि जावयाला मिळाली ती त्या कलमातली सर्वांत कमी शिक्षा आहे. कट किंवा साहाय्य सिद्ध झाल्यास कलम २९ प्रमाणे मूळ गुन्ह्याचीच शिक्षा लागू होते, त्यामुळे ‘तिने फक्त पुड्या बांधल्या’ असे म्हणून वर्षे कमी होत नाहीत. भेसळीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात निकाली काढला आहे : मिश्रणाचे संपूर्ण वजन धरायचे. पहिला गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सवलत कलम ३३ ने प्रौढ आरोपींना या गुन्ह्यासाठी बंद केली आहे.

शिक्षेपूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकले जाते, तेव्हा लहान मूल, आजारपण, वृद्ध आईवडील हे सर्व सांगितले जाते आणि ते सांगितलेच पाहिजे. पण व्यापारी प्रमाणात त्याचा उपयोग शिक्षा दहाच्या वर जाऊ नये एवढ्यापुरताच होतो. जप्ती तीस ग्रॅमची असती तर गोष्ट वेगळी होती : मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा असली तरी खालची मर्यादा नाही, आणि तेथे न्यायाधीश पतीला सात आणि पत्नीला दोन वर्षे असा भेद करू शकतात.

मुलाविषयी आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाप्रमाणे सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकते. त्याला आत ठेवायचे की आजीआजोबांकडे, याचा निर्णय कुटुंबाने त्याच्या आईशी बोलून आणि वकिलांच्या सल्ल्याने करावा.

तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, म्हणून दहा वर्षांची पाच होतात, हे खरे का? (एक वाचक, जळगाव)

नाही. अटकेत काढलेला काळ शिक्षेतून वजा होतो, पण कलम ३२अ मुळे या कायद्याखालच्या शिक्षेत, सेवनाचा गुन्हा वगळता, नेहमीची माफीही मिळत नाही.

माझी बहीण आणि मेहुणे दोघेही अटकेत आहेत. मेहुण्यांच्या भावाने दोघांसाठी मिळून एकच वकील दिले आहेत. मेहुणे म्हणतात, ‘मी सगळे अंगावर घेईन, तिला सोडवीन.’ मग बहिणीसाठी वेगळा खर्च करावा का? (भाऊ, पनवेल)

करावा, आणि तो या आठवड्यातच करावा. ही सूचना मी अनेक वर्षे देत आलो आहे आणि ती बहुधा उशिरा ऐकली जाते, म्हणून सविस्तर लिहितो.

वरच्या उत्तरात पाहिले, की व्यापारी प्रमाणात पत्नीला दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षा मिळण्याची वाट नाही. तिच्यापुढे दोनच शक्यता राहतात : निर्दोष सुटका किंवा किमान दहा वर्षे. म्हणून तिचा सारा बचाव ‘तो माल माझ्या जाणीवपूर्वक ताब्यात नव्हता’ या एका मुद्द्यावर उभा राहतो, आणि हा मुद्दा मांडताना बोट अपरिहार्यपणे पतीकडे वळते. कपाट कोणाचे, किल्ली कोणाकडे, गिऱ्हाईक कोणाला भेटत असे, पैसे कोणाच्या खात्यात येत, हे प्रश्न साक्षीदाराला विचारावे लागतात, आणि त्यांची जी उत्तरे बहिणीला तारतील तीच मेहुण्यांना बुडवतील. दोघांची बाजू मांडणारा वकील, तो कितीही निष्णात असो, हे प्रश्न विचारू शकत नाही. तो गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्याची किंमत पत्नी मोजते.

मेहुण्यांच्या शब्दाविषयी. त्यांनी पोलिसांपुढे सर्व अंगावर घेतले असेल, तर त्या जबाबाला पुरावा म्हणून किंमत नाही. पोलिसांपुढील कबुली ग्राह्य नसते, आणि एनडीपीएसच्या कलम ६७ खाली अधिकाऱ्यांनी घेतलेली कबुलीही पुरावा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात सांगितले. ते स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतील का? आरोपी केवळ स्वतःच्या लेखी विनंतीवरूनच साक्ष देऊ शकतो, त्याला तसे करायला कोणी भाग पाडू शकत नाही, आणि तो उभा राहिला तर सरकारी वकील त्याची उलटतपासणी घेणार. तीन-चार वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा स्वतःला दहा वर्षांत ढकलणारी साक्ष देण्याचे धैर्य किती जणांत उरते? मी पतींच्या प्रेमावर शंका घेत नाही. मी एवढेच सांगतो, की त्या आश्वासनावर बहिणीचा बचाव बांधता येत नाही.

दुसरी बाजूही समजून घ्यावी. नुसते ‘मला काही माहीत नव्हते’ म्हणून भागत नाही. माल ताब्यात असल्याचे सिद्ध झाले, की कलम ३५ आणि ५४ प्रमाणे आरोपीला त्याची जाणीव होती असे न्यायालय गृहीत धरते, आणि ते खोडण्याचा भार आरोपीवर येतो. २००३ च्या मदनलाल खटल्यात, एका मोटारीत चरस आणि पाच जण सापडले असताना, सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. त्याचबरोबर माल आरोपीच्या ताब्यात होता हे मूळ तथ्य सरकार पक्षाने आधी सिद्ध करायचे असते, हे २००८ च्या नूर आगा खटल्यात स्पष्ट झाले आहे. एका छपराखाली राहणे म्हणजे आपोआप ताबा नव्हे. पण भाडेकरारावर तिची सही आहे, स्वयंपाकघराच्या डब्यात पुड्या आहेत, तिच्या मोबाइलवर गिऱ्हाइकांचे संदेश आहेत आणि बनावट गिऱ्हाइकाच्या हाती पुडी तिनेच दिली आहे, असे चित्र असेल तर कोणताही वकील चमत्कार करू शकणार नाही. स्वतः विक्री केली नाही तरी, घरात काय चालते हे ठाऊक असून चालू दिले, तर कलम २५ रहिवासी म्हणून तिलाही लागू होऊ शकते.

म्हणूनच मी दिवसांविषयी इतका आग्रही आहे. बहीण नोकरी करत असेल तर झडतीच्या दिवसाची आणि आधीच्या महिन्यांची हजेरी, सोसायटीच्या कॅमेऱ्यांचे चित्रण, दोघांच्या बँक खात्यांचे स्वतंत्र उतारे, हे सर्व आज मिळेल. चित्रण काही आठवड्यांत पुसले जाते. ते जपून ठेवण्याचा अर्ज तिच्या वतीने न्यायालयात लगेच जायला हवा, आणि एकत्रित वकील तो करेलच असे नाही, कारण त्याच चित्रणात मेहुणे दिसतील. पंचनाम्याची प्रत तिच्या बाजूने वेगळी वाचली गेली पाहिजे : माल कोणत्या खोलीत मिळाला, तिची अंगझडती महिला अधिकाऱ्यानेच घेतली का, मिळालेली खबर लिहून बहात्तर तासांत वरिष्ठांना कळवली का, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले का. या प्रत्येक प्रश्नावर खटले उभे राहतात आणि कोसळतात.

पैशाची अडचण असेल तर तीही अडसर नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना आणि कोठडीतील व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आपली बहीण दोन्ही कारणांनी पात्र आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा किंवा तुरुंगातून तिला करायला सांगा.

एक गृहस्थ म्हणतात, महिलांना जामीन हमखास मिळतो, तीन लाखांत पंधरा दिवसांत काम करून देतो. द्यावेत का? (आई, कल्याण)

देऊ नयेत. महिला, आजारी किंवा लहान वयाच्या आरोपींबाबत जामिनाच्या सर्वसाधारण कायद्यात सवलत आहे, आणि मनी लाँडरिंगच्या कायद्यातही महिलांसाठी सूट आहे. त्यावरून ही अफवा पसरते. एनडीपीएसच्या कलम ३७ मध्ये अशी सूट नाही. व्यापारी प्रमाण असेल तर आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे आणि तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. अशा प्रकरणात दोषारोपपत्र १८० दिवसांत आले नाही आणि मुदतही वाढवून दिलेली नसेल, तर जामिनाचा हक्क निर्माण होतो. पण अर्ज दोषारोपपत्र येण्यापूर्वी करावा लागतो, म्हणून तारखा वकिलांकडून मोजून घ्या. खटला फार रेंगाळला तर त्या कारणानेही जामीन मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. जप्ती व्यापारी प्रमाणापेक्षा कमी असेल तर सहसा कलम ३७ चा अडसर येत नाही. निकालाची हमी देणारा माणूस वकील असो वा मध्यस्थ, त्याच्यापासून दूर राहावे.

आमच्या इमारतीतील एका भाडेकरूकडे रात्री-अपरात्री अनोळखी मुले येतात. समितीने घरात शिरून पाहावे का? (सचिव, पुणे)

अजिबात शिरू नये. पोलीस ठाण्याला किंवा राष्ट्रीय हेल्पलाइन १९३३ वर कळवावे. माहिती कोणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, अशी तरतूद कलम ६८ मध्ये आहे. केवळ संशयावरून इमारतीत नावे पसरवू नयेत.

शिक्षा लागून सात आठवडे झाले. नातेवाईक म्हणतात, प्रकरण थंड होऊ द्या, मग अपील करू. (भाचा, कोल्हापूर)

उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे आणि आपल्याकडे जेमतेम दहा दिवस उरले आहेत. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस मोजणीतून वगळले जातात, परंतु त्यासाठी प्रतीचा अर्ज केलेला असावा लागतो. तो केला आहे का, हे आज तपासा. अपिलासोबतच शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो. कलम ३२अ मुळे न्यायालयाचा तो अधिकार जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये महाराष्ट्रातल्याच दादू खटल्यात सांगितले आहे, मात्र कलम ३७ च्या अटी तेथेही पाहिल्या जातात. पती आणि पत्नीची अपिले स्वतंत्र दाखल करा. वकील ठरत नसतील तर दोघांनाही तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येते. तसा निरोप उद्याच्या भेटीत त्यांना द्या.