‘इकडे सर्व खुशाल’पाशी अडलेलं पत्र

“मॅडम, सगळं बुडालं. घरी कसं सांगू?” बेळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. खानापूर, चिकोडी, निपाणीकडची पोरं पुण्याला, गोव्याला, आखातात जातात आणि मागे राहिलेलं घर त्यांच्या भरभराटीवर विसंबून असतं. खानापूर तालुक्यातल्या अशाच एकाची ही हकिकत, त्याच्या परवानगीने. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

शारजात त्याचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. भागीदार निघून गेला आणि ३८ लाखांचं देणं याच्या अंगावर आलं. तरी सात महिने तो उसनवारी करून घरी पैसे पाठवत राहिला. रविवारी व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, “जेवलास काय रे?” हा हसून हो म्हणायचा.

पहिल्याच बोलण्यात मी विचारलं, “जगू नये असं मनात येतं का?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “येतं.” त्याच रात्री, त्याच्या संमतीने, खोलीतल्या मित्राला सगळं सांगितलं, याला एकटं सोडायचं नाही असं ठरलं. पत्राचं काम त्यानंतर.

चेक परत गेला की थेट तुरुंग, ही त्याची दुसरी धास्ती. जानेवारी २०२२पासून तिथे केवळ खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला, तर सहसा फौजदारी गुन्हा होत नाही. वसुली मात्र होते आणि प्रवासबंदीही येऊ शकते. हे वकिलाकडूनच समजून घे, म्हणून त्याला दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राकडे पाठवलं.

फोनवर आईचा आवाज ऐकला की खोटं बोललं जायचं, म्हणून पत्र. ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार’ लिहून झालं. पुढे शाळेत गिरवलेलं ‘इकडे सर्व खुशाल’. तिथे तो दोन दिवस अडला. मी म्हटलं, “ते गाळ. लिही, मी हातीपायी धड आहे, पण धंदा बुडाला.”

पहिला खर्डा सहा पानी. भागीदार, मंदी, नशीब सगळं होतं, आकडा नव्हता. आकडा कळला नाही की घरचे मनातल्या मनात शेत विकून बसतात. दुसऱ्या खर्ड्यात तो तिसऱ्याच ओळीत आला: ३८ लाख. खाली, शेत गहाण नाही. सात महिने पाठवलेले पैसे उसने होते. आता काही महिने पाठवता येणार नाहीत. माफी एकदाच. पानभर माफी मागितली की आपलं दुःख गिळून आईबापांनाच लेकाची समजूत काढावी लागते, हे मी फार घरांत पाहिलंय.

एरवी त्या घरात मोबाईलवर आलेलं काहीही पुतणी वाचून दाखवते. हे लेकराकडून वाचून घेऊ नका, असं सगळ्यात वर लिहून त्याने पत्राचा फोटो थोरल्या भावाला पाठवला. सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. तिथे मराठीत, कन्नडमध्येही मोकळेपणी बोलता येतं.

आठ दिवस उत्तर नाही. ते दिवस आम्ही रोज बोललो.

नवव्या दिवशी भावाचा आवाज आला: “बाबा अजून बोलत नाहीत. आई जेवतेय. सुगीला माणूस मिळंना झालंय. तुझं तिकडचं मिटलं की ये.”